शिवेवरचे घर आणि हक्काचा कागद



शीव या शब्दाचा अर्थ हद्द. दोन गावांची जमीन जिथे एकमेकींस भिडते ती शीव. मुंबईच्या बेटांच्या उत्तर टोकाला, खाडीच्या काठी, जे गाव होते त्याला हेच नाव पडले. कारण त्याच्या पुढे खाडी आणि खाडीपलीकडे साष्टी. इंग्रजांनी त्याचे ‘सायन’ केले, पण कोळीवाड्याच्या नावात शीव आजही शाबूत आहे. घरांच्या खरेदीविक्रीतले कायद्याचे नेहमीचे प्रश्न ऐतिहासिक अंगाने पाहावेत असे आम्ही योजले, तेव्हा त्यासाठी याहून चांगले ठिकाण आम्हांस सुचले नाही. घराचा व्यवहार हा मुळात शिवेचाच व्यवहार आहे. आपण चार भिंती घेतो असे आपल्याला वाटते; वस्तुतः आपण एक हक्क घेत असतो. त्या हक्काची शीव कोठपर्यंत आहे हे ज्याने पाहिले नाही, त्याने पुष्कळदा आयुष्याची पुंजी देऊन तंटा विकत घेतलेला असतो.

जुन्या मराठी कागदांत ही जाणीव फार पक्की दिसते. वतनाचा किंवा घराचा कागद करताना त्यात चतुःसीमा लिहीत. पूर्वेस अमक्याचे घर, दक्षिणेस रस्ता, पश्चिमेस ओढा, अशा रीतीने. गाव इनाम दिले तर सनदेत जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप अशी देण्याच्या वस्तूंची यादी येई, आणि त्यापुढे ‘हक्कदार खेरीज करून’ हे शब्द येत. म्हणजे देणाऱ्याने दिले तरी ज्यांचे हक्क आधीपासून तेथे आहेत ते अबाधित राहतील. शिवेचा तंटा झाला तर गोत जमे, महजर होई, आणि पुरावा तुटपुंजा पडला तर डोक्यावर माती घेऊन शीव चालून दाखवण्यापर्यंत पाळी येई. काय दिले, कोठपर्यंत दिले, देणाऱ्याला ते देण्याचा अधिकार होता काय, आणि त्यावर आणखी कोणाचा हक्क आहे काय, या चार प्रश्नांच्या बाहेर आजचाही कोणता घराचा दावा जात असेल असे आम्हांस वाटत नाही.

या चारही प्रश्नांची दाद न घेता केलेला व्यवहार कसा फसतो, याचे उदाहरण खुद्द मुंबईनेच घालून दिले आहे. २३ जून १६६१ रोजी झालेल्या तहाने पोर्तुगालच्या राजाने आपली बहीण कॅथरिन हिच्या विवाहानिमित्त मुंबईचे बंदर व बेट इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स यास दिले. कागद झाला, सह्या झाल्या. १६६२ च्या सप्टेंबरात इंग्रजांचे आरमार कब्जा घ्यायला आले, तेव्हा गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने कब्जा नाकारला. अब्राहम शिपमन या नियोजित गव्हर्नराजवळची अधिकारपत्रे बरोबर नाहीत, ही त्याची हरकत! आजच्या भाषेत कुलमुखत्यारपत्रात दोष निघाला. बिचारा शिपमन आपले शिपाई घेऊन कारवारजवळच्या अंजदीव बेटावर वाट पाहत राहिला. रोगराईने त्याची बहुतेक माणसे दगावली आणि १६६४ साली तोही तेथेच मरण पावला. अखेर त्याचा चिटणीस हंफ्रे कुक याने १६६५ च्या फेब्रुवारीत कब्जा घेतला, पण पोर्तुगीजांच्या अटी पत्करून.

मग दुसरा वाद सुरू झाला. ‘मुंबईचे बेट’ म्हणजे नेमके किती? पोर्तुगीज म्हणत, माहीम आणि त्याच्या बाजूची शीव, धारावी, वडाळा ही गावे आम्ही दिलीच नाहीत. इंग्रज म्हणत, भरतीओहोटीच्या पाण्याने वेगळी दिसली तरी ती सारी एकच होत. त्याच वर्षी कुकने ही गावे ताब्यात घेतली आणि भांडण वाढले. म्हणजे आज आपण ज्या शीव कोळीवाड्याची गोष्ट बोलत आहो, ती जागा त्या पहिल्या कागदात होती की नव्हती, याच्यावरच दोन राजे भांडत होते. कागदात चतुःसीमा स्पष्ट नसली म्हणजे राजाचीही अशी गत होते, मग तुमची आमची कथा काय?

तिसरा प्रश्न आधीच्या हक्कदारांचा. १६६८ साली राजाने वर्षाला दहा पौंड खंडावर ही बेटे ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. पण बेटांवर पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसणारे, माड लावणारे, मासे मारणारे लोक होते. त्यांच्या हक्कांचे काय? गव्हर्नर जेराल्ड आँजिए याने १६७२ साली जमीनधारकांशी करार केला. त्यांनी कंपनीला दरसाल वीस हजार शेराफीन द्यावेत आणि कंपनीने त्यांच्या जमिनी त्यांच्याकडे निर्वेध राहू द्याव्यात, असा त्याचा आशय होता. याच आँजिएच्या कारकिर्दीत हद्दीच्या रक्षणासाठी शिवेच्या टेकडीवर किल्ला झाला. एका बाजूने तोफांनी हद्द राखली आणि दुसऱ्या बाजूने कराराने हक्क मान्य केला. आम्हांस विचाराल तर या दोहोंत करार अधिक टिकाऊ ठरला, कारण मुंबईतल्या जमीनमालकीच्या अनेक जुन्या साखळ्या मागे नेत नेल्या तर त्या या काळाशी जाऊन पोहोचतात. जुन्या दस्तांत ‘फोरास’, ‘टोका’, ‘पेन्शन व टॅक्स’ असे शब्द आढळतात. ते कोणत्या बोलीवर जमीन धरली आहे हे सांगणारे त्या काळचे शब्द होत. पुढे १८६५ ते १८७२ या काळात लॉटन या अधिकाऱ्याने शहराची तपशीलवार मोजणी केली आणि १८७६ साली मुंबई शहराचा जमीनमहसूल कायदा झाला. म्हणूनच शीवसारख्या शहर हद्दीतल्या जमिनीसाठी सातबारा मागणे व्यर्थ असते; येथे मागावयाचे ते मालमत्तापत्रक, ज्याला लोक प्रॉपर्टी कार्ड म्हणतात, आणि त्यावरचा सी. एस. क्रमांक. हे पत्रक महत्त्वाचे खरे, परंतु ते महसुलाच्या सोयीचे आहे. पत्रकावर नाव चढले एवढ्याने मालकी येत नाही आणि उतरले एवढ्याने जात नाही, हे न्यायालयांनी वेळोवेळी सांगितले आहे.

आता आधुनिक कायद्याकडे येऊ. १८८२ सालचा मालमत्ता हस्तांतरण कायदा हा या विषयाचा पाया. त्याच्या ५४ व्या कलमाने दोन गोष्टी ठरवून टाकल्या. शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदलेल्या दस्तानेच होईल. आणि विक्रीचा करार, ज्याला आपण साठेखत म्हणतो, त्याने घेणाऱ्याला घरात कोणताही मालकीहक्क मिळत नाही. साठेखताने एवढेच मिळते की विकणारा फिरला तर न्यायालयात जाऊन ‘करार पुरा करून द्या’ असे म्हणता येते. तेही केव्हाही नाही. ठरलेल्या तारखेपासून, आणि तारीख ठरली नसेल तर नकार कळल्यापासून, तीन वर्षांच्या आत. साठेखत करून, पैसे देऊन, घरात राहायला जाऊन वीस वर्षे झाली आणि खरेदीखत राहूनच गेले, अशी कुटुंबे कमी नाहीत. दरम्यान विकणारा वारतो, त्याचे वारस परदेशी जातात, आणि मग जी सही एका दुपारी मिळाली असती ती मिळवायला वर्षे जातात.

याच जातीचा दुसरा प्रकार कुलमुखत्यारपत्राचा. मालक खरेदीखत न करता साठेखत, मृत्युपत्र आणि मुखत्यारपत्र असे तीन कागद एकदम देतो आणि मुद्रांक शुल्क वाचले म्हणून दोघेही खूश होतात. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली निक्षून सांगितले की अशा कागदांनी मालकी जात नाही. मुखत्यारपत्र म्हणजे दुसऱ्याच्या वतीने काम करण्याची परवानगी. देणारा वारला की सामान्यतः ती संपते. अंजदीव बेटावरच्या शिपमनची आठवण येथे ठेवावी.

नोंदणीविषयीही एक गैरसमज सर्वत्र आहे. दस्त सही झाल्यापासून चार महिन्यांत दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो, असे १९०८ चा नोंदणी कायदा सांगतो. लोकांना वाटते, सरकारी कचेरीत नोंद झाली म्हणजे सरकारने मालकीची हमी दिली. तसे नाही. निबंधक सही करणारा तोच माणूस आहे ना, शुल्क भरले आहे ना, हे पाहतो. विकणारा खरा मालक आहे काय याचा न्याय तो करीत नाही. त्यासाठी जुन्या नोंदींचा शोध घ्यावा लागतो, आणि जाणते वकील तो तीस वर्षांचा घेतात.

मुंबईकरांना तर या शोधापलीकडेही सावध राहावे लागते, त्याला कारण आहे. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या व्यापारी शहरांच्या सोयीसाठी १८८२ च्या कायद्याने मालकीचे मूळ कागद सावकाराच्या हाती ठेवून कर्ज काढण्याची मुभा दिली. लेखी गहाणखत नको, नोंदणी नको. कागद हाती दिले की घर गहाण पडले. व्यापाऱ्यांची सोय झाली, पण असे गहाण निबंधकाच्या वहीत दिसत नसे. महाराष्ट्रात २०१३ पासून अशा तारणाची सूचना नोंदवणे बंधनकारक झाले. तथापि मूळ कागद डोळ्यांनी पाहिल्यावाचून पैसे देऊ नयेत हा नियम अजून पहिल्याइतकाच खरा आहे. ‘मूळ कागद गावाला आहेत, झेरॉक्स घ्या’ असे कोणी म्हणाले तर ते कागद बहुधा गावाला नसून बँकेत असतात.

हे सामान्य नियम झाले. पण घर कोणत्या जातीचे आहे यावर पुढचे प्रश्न ठरतात, आणि शीव कोळीवाड्याच्या परिसरात अर्ध्या तासाच्या चालीत जवळजवळ साऱ्या जाती भेटतात.

पहिले घर कोळीवाड्यातले. खाडी आणि मिठागरे यांच्या काठी वसलेल्या या गावात घर बापाकडून मुलाकडे आले, भावाभावांत तोंडी वाटण्या झाल्या, अंगण आणि जाळी सुकवण्याची जागा सगळ्यांची राहिली. कागद करण्याचे कारणच पडले नाही. पण शहर अंगावर आले तेव्हा ‘ही वस्ती गावठाण की झोपडपट्टी’ असा सवाल उभा राहिला. २०१२ साली येथे घरे पाडण्यावरून जो मोठा संघर्ष झाला, त्याच्या मुळाशी हाच सवाल होता. एका शब्दाने मनुष्य पिढीजात हक्कदार ठरतो, दुसऱ्या शब्दाने पुनर्वसनाला पात्र रहिवासी. म्हणून गावठाणातले घर घेणाऱ्याने जमिनीची नोंद, घराच्या कराची जुनी बिले, आणि सर्व भाऊबहिणींची संमती पाहावी. आणि ज्यांची अशी घरे आहेत त्यांनी, विकायची नसली तरी, वाटणीपत्रे आजच लेखी करून ठेवावीत.

दुसरे घर शीव–माटुंगा बाजूच्या आखीव रस्त्यांवरचे. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाटीतल्या शहराला श्वास घ्यायला जागा व्हावी म्हणून त्याने दादर, माटुंगा, शीव या भागांत जमिनी घेऊन भूखंड पाडले. हे भूखंड त्याने दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिले. त्यांतले काही तर ९९९ वर्षांच्या मुदतीचे आहेत. १९३३ साली ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला आणि जमिनीची मालकी तिच्याकडे आली. अशा ठिकाणी इमारत आपली असली तरी जमीन पट्ट्याची असते. पट्टा किती उरला, त्याच्या अटी कोणत्या, हस्तांतराला कोणाची परवानगी लागते, हे विचारल्याशिवाय सौदा करू नये.

तिसरी वस्ती निर्वासितांची. फाळणीनंतर सिंध व पंजाबातून आलेल्या कुटुंबांना कोळीवाड्यालगत आसरा मिळाला. पूर्वी ‘कोळीवाडा’ म्हटल्या जाणाऱ्या रेल्वेस्थानकाला आज गुरू तेगबहादूर नगर हे नाव आहे, ते याच वस्तीमुळे. मागे राहिलेल्या घरांची भरपाई आणि नव्या घरांचा हक्क १९५४ च्या विस्थापितांच्या कायद्याने मार्गी लावला. ज्यांनी एकदा सर्वस्व गमावले होते त्यांना कागदाचे मोल कोणी शिकवावे लागले नसेल! तरीही कागदाने भिंती टिकत नाहीत. पंचवीस इमारतींची ती वसाहत जीर्ण होऊन धोकादायक ठरली, रहिवासी बाहेर पडले, आणि २०२४ साली राज्य सरकारने म्हाडामार्फत तिच्या पुनर्विकासाला मान्यता दिली. इमारत नाहीशी झाल्यावर त्या रहिवाशांच्या हाती काय उरले? फक्त हक्काचा कागद. या एका उदाहरणात आमचे सारे व्याख्यान सामावलेले आहे.

चौथे घर चाळीतले, पागडीचे. युद्धकाळात भाडी भडकली; १ सप्टेंबर १९४० चे भाडे प्रमाण धरून १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने ती गोठवली. भाडे गोठले पण घरांची टंचाई राहिली, तेव्हा मालक हातोहात पागडी मागू लागले. पागडी घेणे या कायद्याने गुन्हा होता. सारी मुंबई ती घेत होती आणि देत होती. अखेर १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्याने, ३१ मार्च २००० पासून, ती कायदेशीर केली. तरी ध्यानात ठेवावे की पागडीची खोली घेणारा भाडेकरूच असतो. मालकाची लेखी संमती आणि आपल्या नावाची भाडेपावती, या दोहोंवाचून दिलेले पैसे पाण्यात गेले असे समजावे.

पाचवे घर सोसायटीतले. सहकाराने घर बांधावे ही कल्पना मुंबईत १९१५ साली गावदेवीला मूर्त झाली. सारस्वत मंडळींच्या त्या संस्थेमागे श्रीपाद सुब्राव तालमकी यांचे श्रम होते. तेथे सभासद आणि संस्था यांच्यामध्ये कोणी नव्हता. स्वातंत्र्यानंतर बिल्डर मध्ये आला. एकच फ्लॅट दोघांना विकणे, पैसे घेऊन बांधकाम न करणे, जमीन संस्थेच्या नावे न करणे हे प्रकार वाढले, म्हणून १९६३ सालचा मालकी सदनिकांचा कायदा झाला. एकूण किमतीच्या एकपंचमांशाहून अधिक रक्कम घेण्यापूर्वी नोंदलेला करार केलाच पाहिजे असे त्याने फर्मावले. २०१६ च्या रेरा कायद्याने ही मर्यादा एकदशांशावर आणली आणि प्रकल्पाची नोंदणी सक्तीची केली. जमीन संस्थेच्या नावे करून देण्याचे बिल्डर टाळीत राहिले, त्यावर २००८ च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाचा मार्ग काढला. बिल्डर सही करीत नसेल तर सक्षम अधिकारी ते काम करून देतो. जुना फ्लॅट घेणाऱ्याने ‘भोगवटा प्रमाणपत्र आहे काय’ आणि ‘जमीन संस्थेच्या नावावर आहे काय’ हे दोन प्रश्न अवश्य विचारावेत. पुनर्विकासाची वेळ आली म्हणजे त्यांची किंमत कळते.

सहावे घर झोपडपट्टी पुनर्वसनातले. ते स्वस्त मिळते म्हणून लोक धावतात. हे घर मिळाल्यापासून ठराविक वर्षे विकता येत नाही. ही मुदत दीर्घकाळ दहा वर्षांची होती. त्यानंतरही प्राधिकरणाची परवानगी लागते. मुदतीपूर्वीचा स्टॅम्पपेपरवरचा सौदा कायदा मानत नाही.

घराची जात कळल्यावर माणसांकडे पाहावे. विकणाऱ्याचे एकट्याचे नाव कागदावर आहे म्हणून तो एकटाच मालक, असे नसते. वडिलांच्या पश्चात घर आले असेल तर बहिणींचाही वाटा असतो. २००५ पासून एकत्र कुटुंबाच्या वडिलार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलासारखाच जन्मसिद्ध मानला आहे. अज्ञान मुलाचा हिस्सा असेल तर १९५६ च्या कायद्याप्रमाणे न्यायालयाच्या परवानगीवाचून पालकाला तो विकता येत नाही. सोसायटीतल्या नामनिर्देशनाविषयी घरोघरी भांडणे होतात. नामनिर्देशिताच्या नावे संस्था भाग करून देते. परंतु इतर वारसांना आपला हक्क शाबीत करण्याची वाट मोकळी राहते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली म्हटले आहे. ‘बहिणीला काय विचारायचे, ती सासरी आहे’ असे म्हणणाऱ्या विक्रेत्याकडून घर घेऊ नये. न्यायाच्या दृष्टीने नको आणि स्वार्थाच्या दृष्टीनेही नको.

राहिला विसार. सौदा तोंडी ठरला की मध्यस्थ म्हणतो, आधी टोकन द्या, नाहीतर घर जाईल. येथेच मनुष्य चुकतो, कारण कागद पाहण्याचे बळ पैसे देईपर्यंतच असते. आमचे म्हणणे असे की क्रम उलटू नये. आधी मूळ कागद पाहावेत, मालमत्तापत्रक काढावे, शोध घ्यावा, संस्थेकडे थकबाकी विचारावी, वर्तमानपत्रात जाहीर सूचना देऊन हरकती मागवाव्यात. मग विसार द्यावा, तोही धनादेशाने, आणि सौदा का व केव्हा मोडेल, मोडल्यास विसाराचे काय, हे पावतीत लिहून घ्यावे. रोखीने दिलेला आणि दस्तात न लिहिलेला पैसा न्यायालयात मागता येणे फार कठीण. विकणाऱ्यानेही पुरी रक्कम हाती आल्याखेरीज कब्जा देऊ नये. एकदा दिलेला कब्जा परत मिळवणे सोपे नसते.

कोणी म्हणेल, हा सारा अविश्वासाचा धडा झाला. आम्हांस तसे वाटत नाही. चतुःसीमा लिहिणारे आपले पूर्वज शेजाऱ्याला चोर समजत नव्हते. आपल्या पश्चात मुलांना शेजाऱ्याशी भांडावे लागू नये एवढीच त्यांची इच्छा होती. आज व्यवहार करणारी माणसे सज्जन असतील, पण घर त्यांच्याहून अधिक जगते, आणि भिंतींहूनही अधिक जगतो तो हक्क. त्याची शीव कागदावर जितकी स्पष्ट, तितकी पुढच्या पिढीची झोप शांत.